डावी बाजू

बाणेरला सातव्या मजल्यावर माझं काम
भिंतींना धडकायचं.
डोळ्यांवर हेडसेट, हातांत दोन कंट्रोलर,
समोर आमच्या टीमनं उभारलेलं खोटं पुणं.
खांद्यानं, कपाळानं, कोपरानं ढकलून बघते
कुठून आरपार जाता येतं.
सापडलं की नोंद:
होळकर पूल, तिसऱ्या कमानीवरचा कठडा,
माणूस दगडातून जातो. गंभीरता मध्यम.

डबा खाताना निहाल म्हणाला,
आपलंही असंच असलं तर?
वरच्या कुठल्यातरी मजल्यावर कोणी बसलेलं...
मी म्हटलं, मग त्यांचा टेस्टर भारी आहे,
अडतीस वर्षांत मला एक फट नाही सापडली.
तो हसला. कारल्याची भाजी आम्ही वाटून घेतली.
कारलं कडू होतं, म्हणजे जेवढं असायला हवं
त्याहून जरा जास्तच.

धंद्यातलं एक गुपित सांगते.
मान वळते तेवढंच जग आम्ही रंगवतो.
पाठीमागे काही नसतं.
तुम्ही वळलात की घाईघाईनं मांडायचं,
जिन्यात पाहुण्यांची पावलं वाजल्यावर
बाहेरची खोली आवरतात तसं.

मार्चमध्ये बाबांच्या मेंदूत, उजवीकडे,
एक रक्तवाहिनी तुंबली.

खडकीच्या कारखान्यात एकतीस वर्षं गेज तपासलेले बाबा,
केसभर चुकीसाठी अख्खा लॉट परत पाठवणारे,
आता अर्धी दाढी करतात.
अर्धा पेपर वाचून म्हणतात,
हल्ली बातम्या तुटक छापतात.
घड्याळ काढा म्हटलं तर बाराच्या बारा आकडे
उजव्या कडेला, एकाच बाकावर कोंबलेली पोरं जशी.
डॉक्टर पाठारे म्हणाल्या, डोळे ठणठणीत आहेत.
डावीकडचं त्यांना दिसतं,
पण त्यांच्या लेखी ते नाहीच.
ते 'नाहीच' मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले
विद्यापीठ चौक ते रेंजहिल्स.

त्या रात्री ताट वाढलं, लहानपणापासून वाढतो तसंच.
उजवीकडे भाजी, आमटी.
डावीकडे मीठ, लिंबू, जवसाची चटणी, काकडीची कोशिंबीर.
बाबांनी उजवी बाजू चाटूनपुसून संपवली.
भाकरी अर्धी उरली, पट्टी लावून कापल्यासारखी.
मग भडकले,
चटणी वाढायला काय झालं होतं?

मी बोलले नाही.
ताट जागच्या जागी अर्धं फिरवलं.

हे कुठून आलं, म्हणाले.
कोणावर उपकार न करता आलेल्या त्या लिंबाकडे
कितीतरी वेळ बघत राहिले.
वास घेतला. नखानं बी काढली,
पास झालेल्या मालासारखी कडेला ठेवली.
आणि जेवले.

रविवारी खडकी बाजारातून आम्ही चालतो.
फिजिओवाली म्हणते, मुद्दाम डावीकडून चाला,
म्हणजे मी नसते.
नसलेल्या ठिकाणाहून मी त्यांना
मेथीचा भाव सांगते.
ते उजवीकडे वळून हवेला विचारतात,
अगं, आहेस कुठे?
त्यांचा डावा हात माझ्या हातात असतो, ऊबदार.
तो कोणाचा, ते त्यांना ठाऊक नाही.

निहालला सांगायचं राहून गेलंय,
की फट सापडली.
पण ती भिंतीत नव्हती,
आणि नोंदीच्या रकान्यात काय लिहू,
गंभीरता?

काल बाबा झोपल्यावर एकटीच जेवले.
ताट रिकामं झालं.
इकडेतिकडे बघून
हळूच फिरवलं.
कढीपत्त्याचं एक पान, बाकी काही नाही.

थोडं थांबून
आणखी एकदा फिरवलं.